चोवीस अंड्यांची चौकशी

आबा : ...आणि तारखेच्या खाली वेळ. घातलीस?

बाळ : घातली. सकाळचे साडेनऊ.

आबा : हजर इसम लिही. मी, चौकशी अधिकारी. तू, लेखनिक. आणि ही.

सूनबाई : मी कोण?

आबा : ते चौकशीअंती ठरेल.

बाळ : आबा, अहो घरातल्या घरात कसली चौकशी? जेवणाचं टेबल आहे हे. अंडी निघाली नाहीत, वाईट झालं. फेकून देऊ आणि मस्त चहा घेऊ. आता वासही मारायला लागेल.

आबा : एकतीस वर्षं खात्यात चौकश्या केल्या मी. ज्याला चहाची घाई असायची, त्याच्याकडे दोनदा बघायचो. अट वाच.

बाळ : पाठ आहे सगळ्यांना.

आबा : पाठ असलेल्या गोष्टीच माणसं वाकड्या करतात. वाच.

बाळ : "सूनबाईंना परगावच्या दवाखान्यात प्रयोगशाळेतली नोकरी लागली आहे. मुलगी ठमी, वय वर्षे पाच, हिला सोबत नेण्याची त्यांची इच्छा आहे. मुलीला एकटीने सांभाळण्याची पात्रता सिद्ध करण्यासाठी त्यांनी उबवणीची पेटी एकवीस दिवस सांभाळावी. तीस अंड्यांतून किमान पंधरा पिल्ले निघाल्यास मुलगी आईसोबत जाईल. न निघाल्यास इथेच राहील. संधी तीन." खाली तिघांच्या सह्या.

आबा : सही तुझीच आहे ना, सूनबाई?

सूनबाई : माझीच. तुम्ही नाहीतर ठमीचा शाळेचा दाखलाच कपाटातून काढून देत नव्हता.

आबा : दबावाखाली सही केली, असं अकरापैकी नऊ जण म्हणायचे. अकरा माणसं घरी बसवली मी. तिन्ही खेपांचा निकाल?

बाळ : पहिली खेप, शून्य. दुसरी खेप, चार. म्हणजे चौथं दुपारपर्यंत होतं.

आबा : दुपारनंतर?

बाळ : मेलं.

आबा : मग तीन लिही. हुंदके लिहायला रकाना नाही.

बाळ : तिसरी खेप, आज तेविसावा दिवस, शून्य. सोमवारी तिला नोकरीवर हजर व्हायचंय. आबा, खरं सांगू? तिनं जीव तोडून केलं. माझं म्हणणं लिहून घ्या, मी तिच्या बाजूनं आहे.

आबा : लेखनिकाला बाजू नसते. ठमी कुठंय?

सूनबाई : शेजारी, शिंपीणबाईंकडे. फ्रॉकचं माप द्यायला. नव्या शाळेचा.

आबा : घाई केलीस. बरं, तुझं म्हणणं काय आहे? थोडक्यात सांग.

सूनबाई : तिन्ही खेपा माझ्या नावावर लावल्यात तुम्ही. तेव्हा तिन्हींची कारणं आज ठरू देत. आणि ही चोवीस अंडी मी इथं, तुमच्यासमोर फोडणार आहे.

बाळ : ई. कशाला?

सूनबाई : उघडून बघितल्याशिवाय मरणाचं कारण लिहीत नाहीत. आमच्या प्रयोगशाळेत तरी नाही.

आबा : प्रयोगशाळा. कोंबडीला कोण प्रशिक्षण देतं गं? एकवीस दिवस बसते, पिल्लं काढते. कारण ती घरी असते.

सूनबाई : कोंबडीची आकस्मिक तपासणी करून बघा एकदा. बोट जाग्यावर राहणार नाही.

आबा : हे लिहू नकोस, बाळ. पहिली खेप काढ.

बाळ : "तीस अंडी. सातव्या दिवशी अंधारात बॅटरी लावून पाहिली असता सर्व अंडी आतून कोरी. कारण : सूनबाईंनी अंडी दिवसातून तीनदा फिरवण्यात कसूर केली."

सूनबाई : अंडी कुणी आणली होती?

आबा : मी. स्वतः. मोठ्या फार्मवरून. सगळी एका मापाची, एकावर डाग नाही. खात्यात भरती करावी अशी.

सूनबाई : मी त्या फार्मवर फोन केला. आठ हजार कोंबड्या आहेत त्यांच्याकडे. मी विचारलं, कोंबडे किती? तो माणूस बराच वेळ हसत होता.

आबा : हसण्यासारखं काय त्यात?

सूनबाई : एकही नाही, आबा. खायची अंडी ती. त्या कोंबड्यांनी जन्मात कोंबडा बघितलेला नाही. एकवीस दिवस नाही, एकवीस वर्षं फिरवत बसले असते तरी आमलेटच झालं असतं त्यांचं.

आबा : हं. लिही. पुरवठादाराचा दोष.

सूनबाई : पुरवठादार तुम्ही.

आबा : म्हणून तर नाव लिहायचं नाही.

सूनबाई : माझं लिहिलं होतंत.

आबा : तुझं पेन्सिलीनं लिहिलं होतं. खोडता येतं. दुसरी खेप.

सूनबाई : ती मीच सांगते. तीस अंडी, शिंपीणबाईंच्या परसातली. त्यांच्याकडे कोंबडा आहे, याबद्दल तरी वाद नसावा. रोज पहाटे तुम्ही त्याला आईवरून शिव्या देता.

आबा : पुढे.

सूनबाई : बावीस अंड्यांत जीव धरला होता. अठराव्या दिवशी फिरवणं थांबवायचं, पाणी वाढवायचं आणि झाकणाला हात लावायचा नाही, असा नियम. मी झाकणावर कागद चिकटवला होता, उघडू नये म्हणून.

आबा : वाचला होता मी तो.

सूनबाई : वाचून उघडलंत.

आबा : अर्थात. आकस्मिक तपासणी कळवून करायची असते का?

सूनबाई : बाळासाहेब, वाचा तुमच्या वडिलांची वही.

बाळ : "आकस्मिक तपासणी क्रमांक एक. अठरावा दिवस, दुपार. सर्व अंडी जागेवर. क्रमांक दोन. अठरावा दिवस, चहानंतर. सर्व अंडी जागेवर. क्रमांक तीन..." अकरापर्यंत आहे, आबा.

आबा : अंडी जागेवर होती ना?

सूनबाई : ती कुठं जाणार होती? दरवेळी झाकण उघडलं की आतली ओल उडून जाते. कवचाच्या आतला पडदा वाळतो आणि पिल्लाच्या अंगाला घट्ट बसतो, भिजलेला सदरा अंगावरच वाळावा तसा. पिल्लू कवचाला भोक पाडतं, चोच बाहेर काढतं आणि तिथंच अडकतं. मान वळत नाही. अठरा पिल्लं चोच बाहेर काढून मेली. दोन दिवस लागले त्यांना.

आबा : सदऱ्याचं लिहू नकोस. उपमा पुरावा नसतो.

सूनबाई : आणि एकाचं कवच तुम्ही नखानं सोललंत.

आबा : मदत केली.

सूनबाई : रक्त आलं त्याला.

आबा : मदतीत येतं कधीकधी.

सूनबाई : तेच ते चौथं, दुपारी मेलेलं.

आबा : असेल. चौकशी अधिकाऱ्याची चौकशी करण्याची तरतूद या फॉर्मात नाही. खात्याचे छापील फॉर्म आहेत हे, उगाच नाही जपून ठेवले. तिसऱ्या खेपेत तर मी हातसुद्धा लावला नाही?

सूनबाई : नाही. कारण अठराव्या दिवशी मी झाकणाला दोरी बांधली आणि तुमच्याच हातानं लाखेचं सील मारून घेतलं. तुम्ही माझं ऐकणार नाही, पण सील तोडणार नाही, हे ठाऊक होतं मला.

आबा : आज नऊ वाजता मी ते तोडलं. अभंग होतं. म्हणजे पेटी कुणी उघडली नाही. मग काय राहतं? सातव्या दिवशी सहा अंडी बाद, ती मी मान्य करतो, प्रत्येक खात्यात असतात. बाकी चोवीस तुझ्या ताब्यात होती. चोवीसच्या चोवीस मेली. जिला अंडी जगवता येत नाहीत, तिच्या हाती मी पोर देऊ?

बाळ : आबा, असं नका बोलू. तिला लागतं.

आबा : लागावं म्हणूनच बोलतोय. फोड गं. एकेक. आणि मोठ्यानं सांग, माझे डोळे अजून धड नाहीत.

सूनबाई : एक. पूर्ण पिल्लू. पिसं आहेत, नखं आहेत. पिवळा बलक पोटात ओढून घेतलेला. चोच वरच्या हवेच्या पोकळीत घुसवलेली.

आबा : म्हणजे काय?

सूनबाई : म्हणजे श्वास घ्यायला लागलं होतं. बाहेर यायला एक दिवस उरला होता. दोन. तसंच. बलक पोटात, चोच पोकळीत.

बाळ : खिडकी उघडू का? वास सहन होत नाही.

आबा : बसून सहन कर. पुढे.

सूनबाई : तीन. तसंच. चार, तसंच. पाच. सहा. हे बघा, सातवं. काही फरक दिसतो?

आबा : मला धुरकट दिसतंय. तू सांग.

सूनबाई : काडीचा फरक नाही. निष्काळजीपणानं मरतात ना आबा, ती एकेक करून मरतात. कुणी नवव्या दिवशी, कुणी सोळाव्या. फिरवली नाहीत तर आत कवचाला चिकटतात. पाणी जास्त झालं तर चोचीत पाणी सापडतं. कमी झालं तर पडदा चामड्यासारखा होतो. यात एकही खूण नाही. धडधाकट होती. आठ. नऊ. दहा. सगळी एकाच टप्प्यावर थांबलीत.

आबा : एका कचेरीतली दोन माणसं एकाच दिवशी आजारी पडली तर मी सोडून द्यायचो. सगळी पडली तर साहेबाला बोलवायचो. कुठला दिवस?

सूनबाई : विसावा. मंगळवार.

आबा : बाकीची फोड.

सूनबाई : अकरा. बारा. तेरा...

बाळ : पुरे की! कळलं ना आता. मंगळवारी लाइट गेली होती, मला आठवतंय. दुपारी. त्यानंच झालं असणार. कुणाचा दोष नाही, तुझा नाही, आबांचा नाही. लिहू मी तसं? विजेचा बिघाड.

आबा : किती वेळ गेली होती?

बाळ : तास. दोन तास.

सूनबाई : विसाव्या दिवशी दोन तास गार पडून मरत नाहीत ती. तेव्हा त्यांच्या अंगात स्वतःची ऊब असते. कोंबडीसुद्धा उठून दाणे टिपायला जातेच.

आबा : मंगळवारी तू कुठं होतीस, सूनबाई?

सूनबाई : कागदपत्रं तपासायला बोलावलं होतं. पहाटेच्या बसनं गेले, आठ वाजता परत आले. आल्या आल्या पेटीला कान लावला. शांत होतं. हे म्हणाले, झोपली असतील.

आबा : मी डोळे तपासायला. थेंब घातल्यामुळं संध्याकाळपर्यंत स्वतःचा हात दिसत नव्हता. संध्याकाळी सहाची तापमानाची नोंद कुणी सांगितली?

बाळ : मीच. साडेसदतीस अंश. काचेतून बघून सांगितलं. बरोबर होतं ते, आबा, शपथ.

आबा : सहा वाजता बरोबर असेल. सूनबाई, पेटीची जाळी उचल. खाली कापडात काहीतरी गुंडाळलेलं आहे.

सूनबाई : हे काय?

आबा : माझं तापमापक. सील करायच्या आधी सरकवलं होतं. तुला सांगितलं नाही, यालाही नाही. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याला डोळे दाखवत नाहीत. त्यातली बारीक सुई पारा वर ढकलतो. पारा उतरला तरी सुई वरच राहते. अठराव्या दिवशी मी ती साडेसदतीसवर आणून ठेवली होती. वाच.

सूनबाई : पंचेचाळीस.

आबा : नीट बघ.

सूनबाई : पंचेचाळीस, आबा. पेटीमागचा उष्णता कमीजास्त करायचा स्क्रू कुणीतरी पिळला. आणि नंतर परत जागेवर आणला.

(बाळ पेन खाली ठेवतो. ते घरंगळत टेबलाच्या कडेशी जाऊन थांबतं.)

आबा : लिहायचं थांबलास, बाळ.

बाळ : मी मुद्दाम रजा टाकली होती मंगळवारी. हिला निवांत जाता यावं म्हणून. डबासुद्धा मी भरून दिला. विचारा.

सूनबाई : किती फिरवलास?

बाळ : अगं, आबांसमोर अरेतुरे काय...

सूनबाई : स्क्रू किती फिरवलास तू?

बाळ : पाऊण फेरा. आधी अर्धाच. त्यानं काही होईना.

आबा : लिही. आधी अर्धा, मग पाऊण.

बाळ : तुझा नोकरीचा अर्ज मी भरला होता. माझ्या अक्षरात. मी तुला कधीतरी आडकाठी केलीय का?

सूनबाई : मग तोंडानं नाही म्हणायचं होतंस. एकदाच. जाऊ नकोस म्हणायचं होतंस.

बाळ : तुला नाही म्हणायला मला जमलं नसतं. तुझा चेहरा पडला असता, मला बघवलं नसतं. आबांची अट होतीच. ती पुरी झाली नसती, ठमी इथं राहिली असती, मग तूही गेली नसतीस. तू आबांवर चिडली असतीस. ते चालतं. तशीही चिडलेलीच असतेस.

आबा : म्हणजे वाईट मी.

बाळ : तुम्हाला सवय आहे, आबा.

सूनबाई : मला नाही म्हणायला जमेना म्हणून चोवीस जिवांना म्हणालास.

बाळ : अंडी होती ती.

सूनबाई : या ताटलीकडे बघून म्हण.

आबा : भांडण चौकशीबाहेर. निष्कर्ष लिही, बाळ. पेनानं. तिसरी खेप : वीजपुरवठ्यातील बिघाड.

सूनबाई : आबा! त्यानं आत्ता तुमच्यासमोर कबूल केलंय.

आबा : ऐकलं मी. खात्यात साहेबाचा माणूस सापडला की विजेचाच बिघाड असायचा. एकतीस वर्षांत किती दिवे घालवलेत मी, तुला कल्पना नाही. सूनबाई दोषी नाहीत, हेही लिही.

सूनबाई : आणि ठमी?

आबा : अट पिल्लं निघण्याची होती. कुणी मारली, याची नव्हती. निघाली शून्य. मुलगी इथं राहील.

बाळ : हे बघ, आबांचं तसं बरोबर आहे गं. कागदावर आहे ते. पुढच्या वर्षी निघेल दुसरी एखादी नोकरी. गावातलीच बघू.

सूनबाई : माझा एक प्रश्न राहिलाय. तेवढा हक्क असतो ना तुमच्या चौकशीत?

आबा : एक.

सूनबाई : मंगळवारी ठमीला सुट्टी होती. ती कुठं होती?

बाळ : इथंच. बाहुली खेळत होती.

सूनबाई : विसाव्या दिवशी पिल्लं कवचाच्या आतून ओरडतात. बाहेर ऐकू येतं. तिनं ऐकलं?

बाळ : हा दुसरा प्रश्न झाला.

आबा : उत्तर दे.

बाळ : तीच धावत आली सांगायला. बाबा, अंडी जोरजोरात ओरडतायत.

आबा : मग?

बाळ : म्हटलं, आईला हाका मारतायत.

आबा : मग?

बाळ : म्हणाली, मग आईला फोन करू या.

आबा : केलास?

बाळ : रेडिओ लावला. मोठ्यानं. छान गाणं होतं, ती नाचायला लागली. आबा, लहान आहे ती. विसरूनसुद्धा गेली असेल.

सूनबाई : बुधवारी झोपताना तिनं मला विचारलं, पिल्लांना त्यांची आई भेटली का? मला वाटलं, गोष्टीतलं काहीतरी विचारतेय. मी हो म्हटलं.

आबा : बाळ, विजेच्या बिघाडाची आणि मुलगी इथं राहील ही, अशा दोन ओळी खोड.

बाळ : पेनानं लिहायला लावलंत तुम्ही.

आबा : मग आडवी रेघ मार आणि शेजारी सही कर. पूर्ण सही. खाली लिही : मुलीला या घरात सांभाळणारी लायक व्यक्ती आढळून आली नाही. सबब मुलगी आईसोबत जाईल.

सूनबाई : आबा...

आबा : आभार मानू नकोस. तू मला अजूनही आवडत नाहीस. चोवीस अंडी फोडलीस, हात एकदा थरथरला नाही तुझा.

सूनबाई : तेरा फोडली. आणि थरथरला असता तर तुम्ही तेही माझ्याविरुद्ध लिहिलं असतंत.

आबा : लिहिलं असतं. दाखला कपाटात वरच्या कप्प्यात आहे, निळ्या फाइलीत. किल्ली घड्याळामागं. आणि शिंपीणबाईंना म्हणावं, रविवारपर्यंत फ्रॉक झाला पाहिजे. सांगतील वेळ नाही. माझं नाव सांग, घाबरतात.

सूनबाई : ही उरलेली अकरा?

आबा : यानं फोडायची. तू जा पोरीला घेऊन ये.

बाळ : ऐक ना... अगं... गेली. आबा, ती चप्पल न घालताच गेली.

आबा : दारातून हाक मारायची होतीस.

बाळ : आबा, आता काय? त्या दोघी गेल्यावर? आई वारल्यापासून या घरात आवाज म्हणून होता तो ठमीचा. तुम्हीसुद्धा ती अट त्याचसाठी घातली होती ना? खरं सांगा.

आबा : तो मुद्दा चौकशीच्या कक्षेत येत नाही. दोषींची नावं लिही. पहिली खेप, दुसरी खेप : मी.

बाळ : तुमचं पेन्सिलीनं लिहू?

आबा : शाईनं. तिसरी : तू.

बाळ : लिहिलं. पुढं शिक्षा विचारलीय फॉर्मात.

आबा : दोघांनी या घरात राहावं. एकमेकांसोबत.

बाळ : त्याच्यापुढं मुदतीचा रकाना आहे. त्यात काय लिहू?

आबा : मोकळा ठेव.